नऊ गियरमध्ये पन्हाळा चढेल का?

प्रश्न: वय ४३, उंची ५ फूट ७ इंच, वजन ८४ किलो. कॉलेज सुटल्यापासून सायकलला हात लावलेला नाही, आता पुन्हा सुरू करायची आहे. रोज सकाळी रंकाळ्याकडून तासभर, रविवारी पन्हाळा नाहीतर जोतिबा, आणि पाऊस उघडल्यावर मसाई पठार, असा बेत आहे. बजेट हेल्मेट वगैरे सगळं धरून ५० हजार. दुकानात तीन सायकली बघितल्या. पहिली ३१ हजारांची: २४ गियर, पुढं शॉकअप, वायरचे डिस्क ब्रेक. दुसरी ४७ हजारांची: पुढं एकच रिंग आणि मागं ९ गियर, ऑइलचे डिस्क ब्रेक. तिसरी २६ हजारांची, तिला मागंही शॉकअप आहे. मेव्हणा म्हणतो, "दाजी, २४ सोडून ९ गियरला १६ हजार जास्त देताय, येडं लागलंय काय?" तुम्हीच सांगा, नऊ गियरमध्ये पन्हाळा चढेल का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: चढेल, पण दुकानात उभी आहे तशी चढवायला तुमच्या गुडघ्यांची तक्रार येईल. मेव्हण्यांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. त्याकडं येण्याआधी तिसरी सायकल बाजूला काढू, कारण तिच्यावर फार बोलण्यासारखं काही नाही. २६ हजारांत जो मागचा शॉकअप मिळतो, ती नुसती स्प्रिंग असते. तिची उसळी आवरणारं तेल आत नसतं. चढावर प्रत्येक पेडलला सायकल खाली बसते आणि तुमचा जोर स्प्रिंग दाबण्यात जातो. वजन १७-१८ किलोंच्या घरात, आणि वर्षभरात मागच्या सांध्यांचे बुश खडखडायला लागतात. नकोच.

आता गियर. २४ हा आकडा तीन गुणिले आठचा गुणाकार आहे, २४ वेगवेगळे वेग नव्हेत. अशा सायकलींना पुढं बहुतेक ४०, ३० आणि २२ दात्यांच्या रिंग असतात, मागं ११ पासून ३४ दात्यांपर्यंत आठ चकत्या. पुढं ४० आणि मागं २० लावा. पुढं ३० आणि मागं १५ लावा. पुढं २२ आणि मागं ११ लावा. तिन्ही वेळा पेडलच्या एका फेरीत चाकाच्या बरोबर दोन फेऱ्या होतात. एकच गियर तीनदा मोजलाय. असे एकमेकांवर चढलेले गियर काढून टाकले तर कामाचे निम्म्याच्या आसपास उरतात.

पण चढ चढताना गियर किती आहेत याला महत्त्व नसतं, सगळ्यात हलका गियर किती हलका आहे याला असतं. आणि इथं मेव्हणे जिंकतात. पहिल्या सायकलचा सगळ्यात हलका गियर २२ भागिले ३४, म्हणजे ०.६५. दुसरीला पुढं बहुधा ३२ ची रिंग आणि मागं ४२ ची मोठी चकती असेल, म्हणजे ०.७६. चाक २९ इंची, टायर सव्वादोन इंची धरला तर मिनिटाला ७० फेऱ्या मारताना पहिली ताशी ६.२ किलोमीटरनं चालते, दुसरी ७.३ नं. फरक किरकोळ वाटतो, पण तुम्ही ८४, सायकल १४, बाटली-बूट दोन असे १०० किलो ८ टक्के चढावर नेताना पहिलीला साधारण १५५ वॉट लागतील, दुसरीला १८५. वीस वर्षांनी सायकलवर बसणाऱ्याला १५५ वॉट दमवतात, १८५ मध्येच उतरवतात. जोर पुरला नाही की माणूस पेडलचा वेग कमी करतो, ५० फेऱ्यांवर येतो आणि उभं राहून दाबत बसतो. गुडघ्याची वाटी दुखते ती तिथं.

म्हणून दुसरी सायकल घ्या आणि घेतानाच पुढची ३२ ची रिंग बदलून २८ ची लावून मागा. २८ भागिले ४२ म्हणजे ०.६७, पहिलीच्या अगदी जवळ. सपाटीला तोटा नाही, कारण २८-११ लावून ९० फेऱ्या मारल्यात तरी ताशी ३१ किलोमीटर होतात. रंकाळ्याला याहून जास्त वेगानं जायचं कारण नाही. फक्त एक बघा: पुढची रिंग बोल्टनं बसवलेली आहे की रिव्हेट मारून. रिव्हेटवाली बदलता येत नाही, मग अख्खा क्रँक, म्हणजे रिंगसकट पेडलची दांडी, बदलावा लागतो. चार बोल्टांची असेल आणि बोल्टांच्या वर्तुळाचं माप १०४ मिलिमीटर असेल तर ३० च्या खाली रिंग बसत नाही. मग ३० घ्या, तीही चालेल, ०.७१ होईल. रिंग लहान केल्यावर चेनच्या दोन कड्या कमी कराव्या लागू शकतात, ते दुकानदाराला आधीच सांगा.

मग गियर जवळपास सारखेच झाले तर १६ हजार कशाचे? दुकानात प्रत्येकाची नजर आधी मागच्या डिरेलरवर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागावर जाते, त्यावर अल्टस लिहिलंय की अलिवियो की डिओर (शिमानोच्या चढत्या पायऱ्या), हे वाचायला. कंपन्यांनाही ते ठाऊक असतं. म्हणून या किमतीत डिरेलर एक पायरी वरचा लावतात आणि पैसे वाचवतात ते हबमध्ये (चाकाच्या मधल्या तुंब्यात), शॉकअपमध्ये आणि हेड ट्यूबमध्ये. डिरेलर तीन वर्षांनी झिजला तर बदलता येतो. बाकीच्या तीन गोष्टी बदलायला गेलात तर हिशेब सायकलच्या किमतीजवळ पोचतो. तेव्हा तिथं बघा.

मागचा हब. आठ गियरच्या सायकलीला मागच्या चकत्या दोन प्रकारे बसवतात, एकीला फ्रीव्हील असतं, दुसरीला कॅसेट. लांबून दोन्ही सारखीच दिसतात. ओळखायची रीत सोपी आहे. मागचं चाक हातानं घट्ट धरा, चकत्या उलट्या फिरवा आणि उजव्या बाजूला एक्सलभोवती पान्यासाठी खाचा असलेली रिंग असते तिच्याकडं बघा. रिंग चकत्यांबरोबर फिरली तर कॅसेट. चकत्या फिरल्या आणि खाचांचा मधला भाग जागेवर राहिला तर फ्रीव्हील. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचे छर्रे चकत्यांच्या आतल्या बाजूला, म्हणजे चाकाच्या मध्याकडं असतात. तिथून फ्रेमपर्यंतचा एक्सल आधाराविना लोंबतो, आणि चकत्या जितक्या जास्त तितका तो लांब. ८४ किलो बसलेत आणि खड्डा आला की वाकतो, कधी मोडतो. चाक डगडगतं, ब्रेकची डिस्क घासायला लागते आणि मिस्त्री ब्रेक दुरुस्त करत बसतो. कॅसेटच्या हबमध्ये छर्रे पार उजव्या टोकाला असल्यामुळं हा प्रकार सहसा होत नाही. ३१ हजारवालीला हे जरूर करून बघा. फ्रीव्हील निघालं तर पुढचा विचारच नको.

शॉकअप बघायला खिशात एक लोहचुंबक घेऊन जा. वरच्या चकचकीत नळ्यांना चुंबक चिकटला तर त्या पोलादी, वर क्रोमचा मुलामा. आपल्याकडं चार महिने पाऊस असतो. मुलामा खरचटला की तिथं गंज धरतो, गंजाचा खरखरीत ठिपका रबरी सील कापतो, आणि आत पाणी गेलं की शॉकअप दगड होतो. चुंबक चिकटला नाही तर नळ्या अॅल्युमिनियमच्या. ४७ हजारांतही पोलादी नळ्या असतील तर हाकलून देण्यासारखी सायकल नाही ती, फक्त प्रत्येक राइडनंतर नळ्या फडक्यानं पुसायची सवय लावून घ्यावी लागेल.

आत स्प्रिंग आहे की हवा, हेही विचारा. हवेचा असेल तर तुमच्या वजनाप्रमाणं भरता येतो. स्प्रिंगचा असेल तर कंपनीनं तो मध्यम वजनाच्या माणसाला धरून बसवलेला असतो आणि ८४ किलोला मऊ पडू शकतो. वरची गोल मूठ फिरवून स्प्रिंग कडक होते असा समज आहे. त्यानं स्प्रिंग थोडी आधीपासून दाबलेली राहते, कडकपणा तोच राहतो. दुकानातच तपासा: नळीला खाली सीलला टेकवून एक बारीक झिप टाय सैलसर बांधा, हळूच बसा, नेहमीसारखं हँडल धरा, न हिसकता उतरा. झिप टाय किती वर सरकला ते मोजा. १०० मिलिमीटर चालीच्या शॉकअपला १५ ते २५ मिलिमीटर ठीक. ३५ च्या वर गेला तर जाड स्प्रिंग मागवून मिळते का विचारा.

हेड ट्यूब म्हणजे हँडलखालचा उभा नळकांडा. तो खाली फुगीर, निमुळता वर गेलेला असेल तर शॉकअपची आतली दांडी खाली दीड इंच आणि वर सव्वा इंचाहून थोडी कमी असते. वरपासून खालपर्यंत सारखाच असेल तर ती सरळ दांडी. आज मिळणारे बहुतेक चांगले हवेचे शॉकअप निमुळत्या दांडीचे येतात. म्हणजे दोन वर्षांनी तुम्हाला मसाई पठाराची गोडी लागली आणि शॉकअप बदलावासा वाटला, तर सरळ नळकांड्याच्या फ्रेमला फार पर्याय उरत नाहीत. फ्रेम बदलता येत नाही, म्हणून हे आज बघायचं.

ब्रेकबद्दल तुम्हाला वेगळं पटवायची गरज नसावी. वायरच्या साध्या डिस्क ब्रेकमध्ये एकच पॅड हलतो, तो डिस्कला ढकलून दुसऱ्या पॅडवर टेकवतो. चिखलात वायर जड होते, पॅड झिजले की दर आठवड्याला स्क्रू फिरवायचा. ऑइलचा ब्रेक दोन्ही बाजूंनी दाबतो आणि झीज स्वतः भरून काढतो. पन्हाळ्याच्या उतारावर दोन बोटांत काम होतं. मात्र शिमानो आणि टेक्ट्रोच्या या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असतं. मोटारसायकलच्या गॅरेजमधलं ब्रेक ऑइल त्यात घातलं की आतली रबरं फुगतात आणि लिव्हर कायमचा बाद. काम करणाऱ्या मिस्त्रीला बाटलीवरचं नाव दाखवायला लावा. आणि चाक काढलेलं असताना लिव्हर दाबू नका; पिस्टन पुढं येतात आणि डिस्क परत आत जात नाही. गाडीत घालून न्यायची झाली तर पॅडच्या मध्ये जाड पुठ्ठ्याची घडी घालून ठेवा.

(रोजचा रंकाळा आणि रविवारचा डांबरी घाट एवढाच बेत असता तर हायब्रिड (रस्त्याच्या आणि डोंगरी सायकलीच्या मधली) सांगितली असती, हलकी असते, डांबरावर पळतेही जास्त. पण पाणंदीतून जायचं, जांभ्याच्या पठारावर जायचं, तर हार्डटेलच, म्हणजे फक्त पुढं शॉकअप असलेलीच बरोबर.)

साइजमध्ये फसगत सगळ्यात जास्त होते, कारण दुकानात जी शिल्लक असते तीच "तुमच्याच मापाची" असते. ५ फूट ७ इंचाला बहुतेक कंपन्यांची मीडियम, म्हणजे १७ इंचांच्या आसपासची फ्रेम बसते. "लार्ज घ्या, सीट खाली करून देतो" म्हणाले तर नमस्कार करून बाहेर या. सीट खाली जाते, पण हँडल जवळ येत नाही. मान आणि मनगटं महिन्याभरात सांगतात. सायकलची दांडी दोन पायांच्या मध्ये घेऊन, पाय जमिनीला टेकवून उभं राहिल्यावर दांडीच्या वर निदान ५ सेंटिमीटर जागा हवी. घरी एक माप काढून जा: अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, जाड पुठ्ठ्याची वही पायांच्या मध्ये वर घट्ट धरा, वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. ७८ सेंटिमीटर आलं तर त्याला ०.८८३ नं गुणा, ६९ येतात. दोन्ही क्रँक ज्यावर फिरतात त्या मधल्या धुऱ्यापासून सीटच्या वरच्या बाजूपर्यंत एवढी उंची ठेवा. दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत म्हणून आपल्याकडं सीट सर्रास खाली ठेवतात. थांबताना सीटवरून पुढं उतरायचं असतं, सीटवर बसून पाय टेकायचे नसतात.

ट्रायल दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर घेऊ नका. टेंबलाई टेकडीचा चढ घ्या, मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवर चेन नेऊन बसल्या बसल्या चढा. चेन कटकटली, उडी मारली, किंवा हँडलपर्यंत वाकून पोचावं लागलं, तर तिथंच कळेल.

पैशांचं बोलू. ४७ हजार सायकलला दिलेत तर हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, पंप, दोन ट्यूब, टायर लिव्हर, कुलूप आणि पॅडची चड्डी यांना सहा-सात हजार लागतातच, म्हणजे बजेट तीन-चार हजारांनी ओलांडतं. छापील किंमत कधीची आहे ते विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. ४७ हजार ही जुन्या कराची किंमत असेल तर नव्या हिशेबानं ती सुमारे ४४,१०० व्हायला हवी. तेवढ्यात गाडी बरीचशी रुळावर येते. उरलेल्यात काही मागं ठेवायचंच तर कुलूप ठेवा, हेल्मेट आणि मागचा लाल दिवा नाही. गळिताच्या हंगामात पहाटे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावून ट्रॅक्टर येतात, त्यांच्या ड्रायव्हरला तुम्ही लांबून दिसायला हवं.

ताब्यात घेताना घाई करू नका. सायकल खोक्यातून अर्धवट जोडलेली येते, उरलेली दुकानातला पोऱ्या जोडतो, आणि चुका ठरलेल्या असतात. शॉकअप उलटा बसवलेला असतो: पुढच्या ब्रेकचा कॅलिपर तुमच्या डाव्या हाताला आहे ना, ते बघा. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं. जबरदस्तीनं पिळून घातलेलं असेल तर क्रँकच्या आट्या कापल्या जातात आणि दीडशे किलोमीटरमध्ये पेडल गळून पडतं. ते सरळ बसलंय का, तिरकं फिरतंय का, ते बघा. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागं-पुढं हलवा. हँडलखाली टकटक जाणवली तर हेडसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, ढिला आहे. मागं मोठ्या चकतीवर चेन नेऊन डिरेलर हातानं आत ढकला. तो चाकाच्या तारांना लागत असेल तर मर्यादेचा स्क्रू नीट लावलेला नाही. हे सोडून दिलं तर चढावर, नेमक्या हलक्या गियरला, चेन तारांमध्ये घुसते आणि डिरेलर सोबत घेऊन जाते.

डिरेलर फ्रेमला ज्या छोट्या अॅल्युमिनियमच्या तुकड्यावर लटकतो, त्याला हँगर म्हणतात. सायकल उजवीकडं पडली की तो वाकतो, मुद्दामच मऊ केलेला असतो. प्रत्येक मॉडेलचा वेगळा. सायकलबरोबरच एक जादा घेऊन ठेवा. उद्यमनगरात सांगाल ते घडवून मिळतं, हँगरही मिळेल. पण एखादा मिलिमीटर इकडंतिकडं झाला तरी नऊच्या नऊ गियर बिथरतात.

टायरमध्ये ट्यूब असेल तर ८४ किलोला डांबरावर पुढं ३८, मागं ४० पीएसआय हवा ठेवा. पाणंदीत पुढं २८, मागं ३२. याहून कमी केली तर दगडावर ट्यूब रिमखाली चेमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. एकच बारीक भोक असेल तर तो सराटा किंवा बाभळीचा काटा. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा काढा, नाहीतर दहा मिनिटांत पुन्हा तेच. रिम ट्यूबलेसला चालणारी असेल तर पहिले टायर झिजेपर्यंत थांबा, मग चाकामागं १०० मिली सीलंट (भोक बुजवणारा द्रव) घालून ट्यूबलेस करा; उन्हाळ्यात ते वाळतं, तीन महिन्यांनी पुन्हा भरा. व्हॉल्व्ह बारीक असेल तर पेट्रोल पंपावरची हवा बसत नाही. पितळी अडॅप्टर मिळतो, तो किल्लीच्या जुडग्यातच अडकवा.

आता चालवायचं. पहिले दोन आठवडे दिवसाआड आठ-दहा किलोमीटर, सपाटीला, मिनिटाला ७० ते ८० फेऱ्या. मग पुईखडीचा चढ. तिथं बसून, दम लागला तरी बोलता येईल इतपत, वर पोचलात की पन्हाळा घ्या. छातीचा किंवा रक्तदाबाचा काही इतिहास असेल तर त्याआधी डॉक्टरांना दाखवून घ्या. महिना किंवा दीडशे किलोमीटर झाले की सायकल परत दुकानात न्या: नव्या तारा या काळात बसतात आणि सैल होतात, वायर ताणली जाते, क्रँकचा बोल्ट पुन्हा आवळावा लागतो. फुकट सर्व्हिस असते ती याचसाठी, लोक न्यायला विसरतात. सायकल धुताना गाडी धुण्याच्या सेंटरचा फवारा हबवर मारू नका. बादली, ब्रश, फडकं पुरे. चेनला तेल घालताना डिस्कवर कागद धरा, तेलाचा एक थेंब पॅडमध्ये मुरला की ब्रेक किंचाळतो आणि पॅड टाकावे लागतात.

नवे ब्रेक लगेच घाटात नेऊ नका. रिकाम्या रस्त्यावर ताशी २० च्या वेगानं येऊन चालण्याच्या वेगापर्यंत, पूर्ण न थांबता, वीसेक वेळा दाबा. त्यानंतर पॅड धरायला लागतात. पन्हाळ्यावरून उतरताना ब्रेक दाबून धरलेल्या अवस्थेत खाली येऊ नका. वळणाआधी दोन्ही जोरात दाबा, वेग पाडा, सोडा, डिस्कला वारा लागू द्या, पुढच्या वळणाला पुन्हा. आणि खाली वाघबीळला चहाला थांबलात तर डिस्कला बोट लावून बघू नका, कातडी सोलते. बाटलीतलं पाणीही तिच्यावर ओतू नका, तापलेली डिस्क वाकते.